छतावरचे चित्र आणि बांधावरचा दगड

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय होते. तिथल्या महसूल समितीच्या दालनात 1778 मध्ये छतावर एक मोठे तैलचित्र बसवले गेले. चित्रकार होता स्पिरिडिओने रोमा. चित्रात उंच खडकावर गोरीपान ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातले ब्रिटन, बसली आहे आणि तिच्या पायाशी तिचा सिंह आहे. खाली उभी असलेली सावळ्या रंगाची स्त्री, म्हणजे भारत, मोती आणि जडजवाहीर तिच्यापुढे करते आहे. चीन चिनी मातीची भांडी आणि चहा घेऊन आला आहे. मागे कंपनीचे जहाज तयार आहे. चित्रात तलवार नाही, तोफ नाही, जप्ती नाही. पूर्वेकडचे देश आपणहून, आनंदाने देत आहेत आणि ब्रिटानिया उपकार केल्यासारखी ते स्वीकारते आहे. या छताखाली बसणारी माणसे मात्र हिंदुस्थानातल्या कुठल्या मुलखातून किती महसूल आला आणि किती यायला हवा होता, याचा हिशेब करत. वर दान रंगवलेले होते आणि खाली वसुली चालली होती. साम्राज्याच्या चित्रांचा अभ्यास करणारे बहुतेक जण वरच्या चित्रापाशी थांबतात. खालच्या टेबलावरच्या वसुलीचेही एक चित्र असते आणि तेच अधिक खरे, अधिक टिकाऊ असते, असे मला म्हणायचे आहे. त्याचा सर्वांत चांगला दाखला लंडनमध्ये सापडत नाही. तो पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, इंदापूर आणि बारामतीच्या माळावर सापडतो.

आधी परिचित चित्रांचा हिशेब करून टाकू. बंगालच्या दिवाणीची सनद शाह आलम बादशहा क्लाइव्हच्या हाती देत आहे, हे बेंजामिन वेस्टचे चित्र आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहिलेले असते. त्यात झगमगता दरबार आहे, उंच सिंहासन आहे, हत्ती आहेत. 1765 च्या ऑगस्टमध्ये अलाहाबादला प्रत्यक्षात हा प्रसंग क्लाइव्हच्या तंबूत घडला आणि सिंहासन म्हणून जेवणाच्या टेबलावर खुर्ची ठेवली होती. वेस्टने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. जॉन टेनियलने 1876 मध्ये ‘पंच’ साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीला जुन्या मुकुटाच्या बदल्यात सम्राज्ञीचा नवा मुकुट देऊ पाहणारा पंतप्रधान डिझरायली काढला. वॉल्टर क्रेनच्या 1886 च्या नकाशात ब्रिटिश मुलूख गुलाबी रंगाने भरला आहे आणि कडेने जगभरचे ‘प्रजाजन’ कौतुकाने पाहत उभे आहेत. 1892 मध्ये एडवर्ड लिन्ली सॅम्बोर्नने सेसिल ऱ्होड्सला एक पाय कैरोत आणि एक पाय केप टाउनमध्ये रोवून आफ्रिकेवर उभे केले. ही सारी चित्रे बोलकी आहेत. काही खुशमस्करी करतात, काही चिमटे काढतात. पण ती चित्र म्हणून समोर येतात, त्यामुळे आपण सावध होतो. रंगवणारा कोण, पैसे कोणी दिले, अतिशयोक्ती कुठे केली, असे प्रश्न आपल्याला आपोआप सुचतात. त्यांचा खोटेपणा पकडायला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते चित्रासारखे न दिसणाऱ्या चित्राच्या बाबतीत. शेताचा नकाशा हे तसे चित्र आहे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचा मुलूख कंपनीच्या हाती आला. राज्य जिंकून झाले, आता त्यातून किती मिळेल हे ठरवायचे होते. आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने 1820 च्या दशकात मोजणी आणि आकारणीची मोठी योजना हाती घेतली. इंग्लंडमधल्या नव्या अर्थशास्त्राने तो भारावलेला होता. शेतीचा सगळा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा 55 टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा, हे त्याचे सूत्र होते. कागदावर ते बिनचूक दिसे. पण निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी लागणारी माहिती ज्या कारकुनांनी गोळा केली, त्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नव्हता, आणि इंदापूरसारख्या तालुक्यात, जिथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी पाऊस पडतो, तिथे सरासरी उत्पन्न ही गोष्टच मुळात फसवी होती. 1830 च्या सुमारास नवी आकारणी लागू झाली आणि लागोपाठच्या वाईट हंगामांत ती कोलमडली. बाकी थकली, जमिनी पड राहिल्या, कुळे गाव सोडून शेजारच्या मुलखात गेली. तेव्हा हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर दलातला तरुण लेफ्टनंट यांच्याकडे इंदापूरची फेरमोजणी सोपवण्यात आली. 1835 मध्ये काम सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नवी आकारणी लागू झाली. तीस वर्षांसाठी दर कायम करण्याची, प्रत्येक शेताला नंबर देण्याची ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. 1847 मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून लिहिलेल्या अहवालाने तिचे नियम पक्के केले. आज महाराष्ट्रात ज्याला आपण जमिनीचे रेकॉर्ड म्हणतो, त्याचा पहिला धडा इंदापूरला गिरवला गेला.

हे चित्र कसे काढले जाई, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मुख्य हत्यार होते 33 फुटांची लोखंडी साखळी. तिच्या सोळा भागांना आणे म्हणत. साखळीच्या लांबीरुंदीचा चौरस, म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि अशा 40 गुंठ्यांचा, म्हणजे 43,560 चौरस फुटांचा, एक एकर. विलायतेतला एकर आणि इकडची आण्याची भाषा एका साखळीत अशी बेमालूम बसवली होती. शेताच्या आरपार एक मधली रेघ धरायची, शंकू लावून तिच्यावर काटकोन टाकायचे आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर लिहायचे. या शंकू-साखळीच्या मोजणीतून जे कच्चे रेखाटन तयार होई, ते टिपण. त्यानंतर येई प्रतवारी करणारा क्लासर. तो शेताचे सारखे चौकोन पाडी, प्रत्येक चौकोनात खणून माती कुठली आणि किती खोल ते पाही. माती काळी, तांबडी की बरड, तिची खोली किती हात, चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार आहे का, पाणी साठते का, या प्रत्येक दोषाची ठरलेली खूण तो त्या चौकोनात काढी. एक खूण म्हणजे एक प्रत खाली. शेवटी सगळ्या चौकोनांची सरासरी काढून शेत किती आण्यांचे ते ठरे. सोळा आणे म्हणजे उत्तम, त्याखाली उतरत्या प्रती. कोपऱ्यांवर दगड आणि मातीचे बुरूज उभे राहत. गावचे सगळे नंबर एका कागदावर मांडले की गाव नकाशा तयार होई. त्यात नदी, ओढा, रस्ता, गावठाण, गायरान आणि बाकी सगळे आकडे घातलेले तुकडे. त्यात एकही माणूस नाही.

त्या काळच्या साम्राज्यचित्रांच्या गर्दीत हा कागद विलक्षण आहे, तो त्यातल्या रिकामेपणामुळे. रोमाच्या छतावर निदान देणारी स्त्री होती. इथे देणारा दिसतच नाही, दिसते ती फक्त देणे लागणारी जमीन. पाऊस कुठल्या वर्षी दगा देणार, हे नकाशात नाही. ज्याच्या नावावर नंबर लागला, त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे नाही. शेतात राबणाऱ्या बायका, सालगडी, बलुतेदार यांचा त्या पिकावर काय हक्क आहे, हे नाही. बारामती-इंदापूरच्या माळावर मेंढरे घेऊन फिरणारा धनगर पड शेतात वाडा बसवतो, त्याच्या लेंडीखताने ती जमीन पुढच्या हंगामाला पिकते. पण त्याच्या वाटेला आणि त्याच्या वापराला या कागदात नंबर नाही. नकाशा खोटे सांगत नाही. तो मोजके सांगतो आणि त्या मोजक्यालाच पूर्ण समजायला लावतो. शिवाय तो नुसते दाखवत नाही, तर घडवतो. नंबर पडलेले, नावावर चढलेले, रोख रकमेत आकारलेले शेत आता गहाण टाकता येते, विकता येते, कोर्टात दावा लावून हिसकावता येते. चित्र पाहून साहेब लोक खूश होत, पण नकाशा हाती घेऊन अंमलदार वसुली करी. साम्राज्याच्या चित्रांतला हा मूलभूत फरक आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जमिनीची मोजणी काय इंग्रजांनी आणली? मलिक अंबरने आकारणीची घडी बसवली होती. शिवकाळात पुणे, सुपे, इंदापूर या जहागिरीच्या मुलखात दादोजी कोंडदेवांचे नाव जमीनबाबीच्या व्यवस्थेशी जोडले जाते, अण्णाजी दत्तोंची मोजणी प्रसिद्ध आहे, आणि पेशवाईत कमाल आकार ठरवला गेला होता. राजा म्हटला की मोजणी आली आणि सारा आला. हे सगळे खरे आहे. पण जुन्या पद्धतीत थळ, बिघा, मिरासदार, उपरी, पाटील, देशमुख अशा नात्यांच्या जाळ्यातून महसूल ठरे. गावाशी बोलणी होत, वाईट सालात सूट मागितली जाई, भांडणतंटा गोतसभेत सुटे. ती व्यवस्था न्यायाची होती असे मुळीच नाही. तिच्यात देशमुख-पाटलांची दांडगाई होती आणि वेठ होती. फरक एवढाच की तिच्यात माणसे दिसत होती, म्हणून त्यांच्याशी घासाघीस करता येत होती. इंदापूरच्या नकाशाने ही घासाघीस संपवली. दगडाशी, नंबराशी आणि आण्याशी कोणी बोलणी करत नाही. 1865 च्या मुंबई इलाख्याच्या मोजणी कायद्याने या व्यवस्थेला कायद्याचे कायमचे बळ दिले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो पुराव्यानिशी केला जातो. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दर वाढवले नव्हते, उतरवले होते. प्रिंगलच्या काळात पड राहिलेली जमीन त्यांच्या आकारणीनंतर पुन्हा नांगराखाली आली, गेलेली कुळे परतली. आपण केलेल्या सुधारणेवर तीस वर्षे जादा सारा बसणार नाही, ही हमी शेतकऱ्याला प्रथमच मिळाली. विंगेट तर सरकारचा आंधळा भाट नव्हता. हिंदुस्थानातून इंग्लंडला दरवर्षी जाणारा पैसा ही एक प्रकारची खंडणीच आहे, अशी कडक टीका करणारी पुस्तिका त्याने 1859 मध्ये लंडनमध्ये छापली आणि पुढे रमेशचंद्र दत्तांसारख्या लेखकांनी तिचा आधार घेतला. मग अशा माणसाच्या नकाशाला साम्राज्याचे चित्र म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे आहे का? माझे उत्तर असे की, काढणाऱ्याचा हेतू आणि चित्राचे काम यांचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे. विंगेटचा हेतू चांगला होता, पहिल्या वर्षांतला परिणामही चांगला होता. पण त्याने जे यंत्र बनवले, त्याची किल्ली त्याच्या हाती राहणार नव्हती. कमी दराचा नकाशा आणि चढ्या दराचा नकाशा दिसायला अगदी सारखाच असतो, बदलतो फक्त कडेचा एक आकडा. गोल्डस्मिड 1855 मध्ये कैरोत वारला. 1865 मध्ये भिगवणजवळ डिकसळला, जिथून त्याची मोजणी सुरू झाली त्या परिसरात, त्याच्या स्मरणार्थ वर्गणीतून बांधलेल्या धर्मशाळेचा समारंभ मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते झाला. या स्मारकानंतर थोड्याच काळात त्याच्या तीस वर्षांच्या हमीची मुदत संपली.

मधल्या काळात मुलूख बदलला होता. 1858 मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी आली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने 1862 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या रेल्वे अड्ड्यावर रचलेल्या कापसाच्या गाठींचे चित्र छापले. डोंगरासारख्या गाठी, त्यांच्यामध्ये वावरणारी बारकी माणसे आणि सगळीकडे भरभराट. त्या काळात सावकार हवे तेवढे कर्ज देत होता, जमिनीला भाव होता. 1865 मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस गडगडला आणि सावकाराने हात आखडता घेतला. पण सरकारी फेरआकारणीच्या डोळ्यांपुढे अजून गाठींचेच चित्र होते. रेल्वे आली, भाव वाढले, म्हणजे शेतकरी सधन झाला, या तर्काने 1867 मध्ये इंदापूरची आकारणी निम्म्याहून अधिक वाढवली गेली. इंदापूर हा पहिला मोजलेला तालुका, म्हणून फेरआकारणीतही पहिला. पाठोपाठ भीमथडी, हवेली आणि इतर तालुक्यांचे दर चढले. 1870 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध चौकशी करून आवाज उठवला. 1874 मध्ये मुंबई सरकारला स्वतःच मर्यादा घालावी लागली. तालुक्यामागे वाढ 33 टक्क्यांच्या वर नको, एका गावात 66 टक्क्यांच्या वर नको आणि एका खातेदारावर 100 टक्क्यांच्या वर नको. खातेदाराचा सारा दुप्पट होऊ देणारी मर्यादा जर दिलासा म्हणून घातली जात असेल, तर आधी काय चालले होते, याची कल्पना करता येते.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातल्या, सुपे गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. आधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावी सावकारांवर बहिष्कार पडला होता. सुप्याला लूट झाली, जाळपोळ झाली. तिथून हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरला. एकूण 951 लोकांना अटक झाली. पण दंगलीचे लक्षण ठरले ते वेगळेच. बहुतेक ठिकाणी लोकांनी वह्या, खाती, कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे मागितले, मिळाले तिथे ते जाळले आणि पुढे फारशी मारहाण केली नाही. ‘दख्खनचे दंगे’ असे नाव मिळालेल्या या घटनेत शेतकऱ्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. आपल्यावरचे राज्य कागदाचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. मग त्यांनी सरकारी नकाशे का जाळले नाहीत? या प्रश्नाने माझ्या म्हणण्याला धक्का बसतो असे कोणाला वाटेल, पण मला त्यातून उलटेच दिसते. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा, पीक मात्र पावसाच्या मर्जीवर, म्हणून साऱ्यासाठी सावकाराकडे जाणे आले. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोखा तीन वर्षांनी निकामी होई, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. नकाशाने ठरवलेला आकडा शेतकऱ्याच्या दारी पोचे तो सावकाराच्या रोख्यातून. दंगेखोरांना दिसत होता तो कागद त्यांनी जाळला. ज्या कागदाने तो कागद जन्माला घातला, तो कचेरीत सुखरूप राहिला.

त्यानंतर सरकारने आणखी एक चित्र काढले, शब्दांत आणि कोष्टकांत. दख्खन दंगा चौकशी समितीचा अहवाल साक्षी, आकडे आणि परिशिष्टे यांनी भरलेला आहे आणि 1878 मध्ये तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्यातला निष्कर्ष असा की, असंतोषाचे कारण सरकारी सारा नव्हे, सावकाराची पिळवणूक हे आहे. सावकार पिळत होता, हे खोटे नव्हते. कोऱ्या कागदावर अंगठे घेणे, पावती न देणे, मुद्दलाच्या दुप्पट-तिप्पट व्याज लावणे, हे सगळे साक्षींतून आले. पण समितीतल्याच ऑकलंड कॉल्विनने वाढीव आकारणीवर बोट ठेवले होते. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता आणि त्याचा रोख सावकारावर होता. सावकार गावाबाहेरचा मारवाडी-गुजर, तो लोभी आणि शेतकरी भोळा, मध्ये निःपक्षपाती सरकार, हे चित्र इतके पक्के बसले की आजही गोष्टींतून आणि चित्रपटांतून तेच आपल्यापुढे येते. रोमाच्या छतावर ब्रिटानिया स्वीकारणारी होती, अहवालात ती सोडवणारी झाली. वसुली करणारी म्हणून ती कुठल्याच चित्रात येत नाही.

याच सुमाराला कॅमेऱ्याचे युग सुरू झाले होते आणि छायाचित्र खोटे बोलत नाही, असा समज रुजत होता. 1876 ते 1878 च्या महादुष्काळात दख्खन होरपळत असताना 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला आणि व्हॅल प्रिन्सेपने पुढे त्याचे प्रचंड चित्र रंगवले. त्याच दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे गट करून त्यांची छायाचित्रे घेतली. ती पाहून आजही पोटात कालवते. त्या छायाचित्रांत एक अक्षरही खोटे नाही. तरी त्यांत दुष्काळाचे कारण नाही, चालू असलेली धान्याची निर्यात नाही, रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवर कमी केलेली मजुरी नाही. भूक दिसते, भुकेची व्यवस्था दिसत नाही. उलट 1904 मध्ये काँगोत ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने आपल्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय पाहत बसलेल्या बापाचे छायाचित्र घेतले. रबराच्या वसुलीचे नाव घेऊन ते इंग्लंडभर व्याख्यानांत दाखवले गेले आणि 1908 मध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या हातून काँगो काढून घेण्याच्या चळवळीला त्याने बळ दिले. कॅमेरा दोघांच्याही हाती होता, हॅरिसने फक्त चित्रासोबत कारणही सांगितले. आपल्याकडेही हे जाणणारे लोक होते. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी दिल्लीच्या त्या दरबाराला हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीला जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात आले. ज्या माणसाला नकाशातून वगळले होते, त्याला फुल्यांनी राजपुत्राच्या डोळ्यांपुढे उभे केले.

तिसरा आक्षेप आजचा आहे. इतिहास झाला तो झाला, पण दुष्काळानंतर आलेल्या नीरा डाव्या कालव्याने आणि भाटघर धरणाने बारामती-इंदापूरचे माळ हिरवे केले, ऊस आला, पुढे सहकारी साखर कारखाने आले, आणि हे सगळे त्याच मोजलेल्या जमिनीवर उभे राहिले. सातबारा नसता तर पीककर्ज कुठून मिळाले असते? हे मान्यच करायला हवे. कालव्याचे पाणी, फाळणी नकाशा आणि गट नंबर यांच्याशिवाय आजचा शेतकरी एक दिवस काढू शकणार नाही. पण एखादे हत्यार उपयोगी आहे म्हणून ते निष्पाप ठरत नाही आणि ते परक्याने घडवले म्हणून टाकून देण्याजोगेही ठरत नाही. आजही शेताच्या वादात कोर्ट नकाशा पाहते, तेव्हा बांधावरची वहिवाट, विहिरीतला वाटा, बहिणीचा हिस्सा, वाटेने जाणाऱ्या मेंढरांचा हक्क हे मागे पडतात, कारण ते मुळातच कागदावर काढलेले नव्हते. साखळीच्या जागी आता ड्रोन आणि उपग्रहावर चालणारी यंत्रे आली आहेत. मोजणी अचूक झाली आहे, पण काय मोजायचे आणि काय सोडायचे, हा प्रश्न 1836 मध्ये जिथे होता तिथेच आहे.

म्हणून साम्राज्याची चित्रे वाचण्याची सवय केवळ संग्रहालयांपुरती ठेवून चालणार नाही. कोणतेही चित्र पाहताना ते कोणी काढले, कोणासाठी काढले, त्यातून कोणाला वगळले आणि ते हाती आल्यावर काय करता आले, हे चार प्रश्न विचारावेत. ब्रिटानियाच्या चित्राला ते विचारणे सोपे आहे, पण शेताच्या नकाशाला विचारणे जास्त गरजेचे आहे. बारामती आणि इंदापूरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, दख्खनचे दंगे शिकवताना मुलांना तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात न्यावे, आपल्या गावचा जुना नकाशा आणि एखादे टिपण त्यांच्यापुढे ठेवावे, आणि त्यात काय नाही याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. दंग्यांचे कारण सावकार की सारा, यावर परीक्षेत उत्तर लिहिण्याआधी त्यांना ते स्वतः तपासून पाहता येईल.